तिकीट स्वस्त, मग होडीत का बसतात?

प्रश्न: इटलीच्या लँपेडुसा बेटाजवळ आफ्रिकेतून युरोपात निघालेल्या लोकांची होडी बुडाल्याच्या बातम्या सारख्या वाचतो. दलाल म्हणे माणशी हजार-दोन हजार युरो घेतात. तेवढ्यात विमानाचं तिकीट येत नाही का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: येतं, वर पैसे उरतात. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसहून रोम विमानानं जेमतेम सव्वा तास. अडतं ते चेक-इन काउंटरवर. युरोपीय संघाच्या 2001 च्या नियमानुसार बिनव्हिशाचा प्रवासी आणला, तर विमान कंपनीला हजारो युरो दंड, शिवाय त्याला परत न्यायचा खर्च तिच्याच गळ्यात. जहाज कंपन्यांनाही तेच. मग काउंटरवरचा माणूस कशाला सोडेल? गंमत अशी, की इटलीच्या जमिनीवर पाय टेकला की आश्रय मागता येतो. पण त्यासाठी तिकडे जायचा व्हिसा आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाच्या पोराला कोण देतो?

2015 साली आमचा टँकर लिबियाच्या उत्तरेला होता, मी चीफ ऑफिसर. रोमच्या तटरक्षक केंद्राकडून निरोप आला, आम्ही वळलो. समुद्रात संकटातल्या माणसाला उचलणं हा कायदाच आहे, कंपनीला विचारत बसायचं नसतं. करड्या रबराची होडी, तळाला प्लायवूड, वर शंभरावर माणसं. जहाज दिसलं की सगळे एका अंगाला धावतात आणि होडी कलंडते, त्यामुळे खरी भीती आमच्याच जवळ येण्याची. लँपेडुसाला 3 ऑक्टोबर 2013 ला तेच झालं. किनारा किलोमीटरभरही लांब नव्हता. इंजिन बंद पडलं, खूण म्हणून कांबळं पेटवलं, आग भडकली, लोक एका बाजूला लोटले. 368 मेले, बहुतेक एरिट्रियाचे.

आम्ही वारा अडवून उभे राहिलो, कर्ण्यावरून ‘बसा, बसा’ ओरडत. बायका-मुलं होडीच्या मधोमध बसवलेली, तीच जागा सुरक्षित म्हणून. पण सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी तिथंच साचतं. त्यात तासन्‌तास बसलं की कातडी भाजून निघते. एका बाईला शिडीवरून आत ओढलं, तर तिच्या मांडीची साल ओल्या कपड्याबरोबर निघाली. गोड्या पाण्यानं धुतलं, आमच्या मालवणी कुकनं भाताचं पातेलं चढवलं.

भाताला कुणी हात लावेना. एक पोरगा पुढं आला, जहाजाचं तोंड कुठं आहे म्हणाला. त्याला होकायंत्र दाखवलं, उत्तर. मग त्यानं मागं वळून काहीतरी सांगितलं आणि सगळे जेवायला बसले.