मागचंच बीपी लिहून टाकू का?

प्रश्न : आक्का, मी खानापूर तालुक्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि बेळगावातल्या एका लहान नर्सिंग होममध्ये लागले. लगेच नाईट लावली. रात्री मी आणि एक मावशी, दोघीच. डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात, निम्मं कळत नाही, परत विचारलं की आवाज चढतो. सिनिअर सिस्टर म्हणतात, "दोनचं बीपी कोण घेतंय, मागचंच लिहून टाक." पेशंट बरेचसे कानडी, माझं कानडी शाळेपुरतं. घरचे म्हणतात, सोड ते, कोल्हापूरला जा. काय करू?

उत्तर : दोनच्या बीपीचं आधी बोलूया. तुझ्या पत्रात मला काळजी वाटली ती तेवढ्याचीच, बाकीचं अंगवळणी पडतं.

मागचं लिहायचं नाही. सिनिअरनं सांगितलं तरी नाही. सिझर झालेल्या बाईला रक्तस्राव व्हायला लागला तर बहुतेक वेळा बीपी लगेच पडत नाही, आधी नाडी चढते. दहाला ८४, बाराला ९८, दोनला ११६, आणि बीपी तेवढंच, ११०/७०. हे आकडे ओळीनं दिसले तरच डोक्यात प्रकाश पडतो. मधला एक आकडा थापेचा असला की पहाटेपर्यंत कुणाला काही कळत नाही. आणि नुसत्या मशीनकडं बघू नकोस गं. हल्लीच्या पोरी कफ गुंडाळतात आणि मॉनिटरशीच बोलतात. तळहात गार आणि घामट लागतोय का? लघवीच्या पिशवीत तासाला निदान ३० मिली तरी जमतंय का? पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की मऊ पडलंय? पॅड कोरडं दिसलं म्हणून फिरू नकोस, बाईच्या कमरेखाली हात घाल. रक्त ओघळून पाठीखालच्या चादरीत मुरतं, वरून पांघरूण स्वच्छ.

दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलीस आणि दोनचं राहिलं, तर अडीचला घे आणि अडीच म्हणूनच लिही. उशिराचं चालतं. इंजेक्शनचंही तेच, दिल्यावर टिक, आधी नाही.

आता फोन. "सर, पेशंट बरं वाटेना झालंय" असं म्हटलंस तर झोपेतला माणूस "बघत राहा" म्हणून ठेवणारच. केसपेपर हातात घेऊनच फोन लाव. कोण पेशंट, कसलं ऑपरेशन, किती वाजता झालं, नाडी-बीपी तेव्हा किती आणि आत्ता किती, हे सांग आणि शेवटी "सर, तुम्ही येऊन बघायला पाहिजे" असं स्पष्ट म्हण. ऑर्डर मिळाली की तिथंच लिही आणि लिहिलेलं वाचून दाखव. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडा सुटा करून विचार : "सर, एक-पाच ना?" चिडू देत. वेळ, डॉक्टरांचं नाव, 'फोनवरून' असा शेरा टाक आणि सकाळच्या राऊंडला सही घे. नाही कळलं तर द्यायचं नाही, परत फोन करायचा.

इन्सुलिनला तर दोनदा बघ. बाटली ४० ची असते (एका मिलीत ४० युनिट) आणि १०० चीही, सिरिंजही दोन तऱ्हेच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलंस तर २० नाही, ५० युनिट जातात. रात्री दोनला साखर कोसळलेला पेशंट झोपलाय असंच वाटतं. आणि पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल सरळ शिरेत कधीच नाही, सलाईनमध्ये मिसळून, हळू. ती इतर अँप्यूलच्या ट्रेमध्ये ठेवलेली दिसली तर आजच वेगळी काढ.

कानडीचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. चंदगडकडचे तुझ्याशी मराठीत बोलतील, सौंदत्ती-बैलहोंगलकडच्यांना कानडीच लागणार. मावशीकडून शीक, त्या चांगलं शिकवतात, फुकट. "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) तर तुला येत असेलच. पण ऑपरेशनच्या सकाळी तेवढ्यावर थांबू नकोस. "ऊट नाही झालं" असं प्रामाणिकपणे सांगणारा म्हातारा पहाटे कपभर चहा पिऊन आलेला असतो. त्याच्या लेखी चहा म्हणजे काही खाणं नव्हे, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी मात्र दुधाचा चहा म्हणजे सहा तासांचा उपास मोडला. चहा, पाणी, तंबाखू, प्रत्येकाचं वेगळं विचार.

नवख्या पोरीला मावशीच्या जोडीला एकटी नाईट लावणं मला पटत नाही. मॅनेजमेंटला तसं लेखी दे, निदान पहिले काही महिने एक शिकलेली सिस्टर सोबत मागून घे. मिळेलच असं नाही, पण कागद राहतो. पगाराचंही विचारून घे. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये ५० खाटांच्या आतल्या खासगी दवाखान्यांतही नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी नको अशी शिफारस केली होती. शिफारस ती शिफारसच, पण बोलणी करताना आकडा माहीत असलेला बरा.

कोल्हापूरला जायचं तर खुशाल जा, पण निपाणी ओलांडली की कौन्सिल बदलतं. कर्नाटकच्या रजिस्ट्रेशनवर तिकडं काम करता येत नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंद करावी लागते आणि त्यासाठी आधी आपल्या कौन्सिलकडून ना हरकत लागते. कागद फिरायला वेळ लागतो, तेव्हा इथली नोकरी चालू ठेवूनच अर्ज टाक. आणि इथं असो की तिथं, ओरिजिनल सर्टिफिकेट दवाखान्याच्या कपाटात ठेवायला देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे आणि पिशवीत घालून घरी आण.