वाचक विचारतात : घरी बनवलेल्या सिंथचा सूर का हलतो?

मागच्या अंकात स्वतः डिझाइन केलेल्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) ॲनालॉग सिंथेसायझर, म्हणजे सर्किटमधून सूर काढणारं वाद्य, कसं उभं करायचं त्यावर लिहिलं होतं. पॉवर सप्लाय, ऑसिलेटर (सूर तयार करणारा), फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा) आणि व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा) असे चार वेगळे बोर्ड करायचे, एकेक चालू करत जायचं आणि मग जोडायचे, असा सगळा हिशोब होता. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार इथे घेतोय. रत्नागिरीच्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. किकॅड सॉफ्टवेअरमध्ये ऑसिलेटरचा बोर्ड काढला, बोर्ड बनवायला लागणाऱ्या गर्बर फाइल चीनला पाठवल्या, पाच बोर्ड आले. सगळं सोल्डर केलं पण आवाजच येत नाही. सर्किटमध्ये २एन३९०४ ट्रान्झिस्टर होता, तो इथे मिळाला नाही म्हणून बीसी५४७ लावला. दोन महिन्यांचे साठवलेले पैसे गेलेत, परत बोर्ड मागवावे लागतील का?
— एक विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : नाही रे, बोर्ड अजिबात फेकू नकोस. ट्रान्झिस्टरची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले की २एन३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि बीसी५४७ चे बरोबर उलटे, कलेक्टर, बेस, एमिटर. बेस दोन्हीत मधेच आहे, त्यामुळे काढून उलटा फिरवून लाव, म्हणजे बोर्डवर छापलेल्या आकृतीत चपटी बाजू जिकडे दिसते त्याच्या विरुद्ध. ही चूक इतकी कॉमन आहे की कुणाचा बोर्ड मुका निघाला की मी सगळ्यात आधी तेच विचारतो.

तरी आवाज नाही आला तर आयसी सॉकेटमधून काढ आणि रिकाम्या सॉकेटवर मीटर लाव. टीएल०७२ (दोन ऑपॅम्पची, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या भागांची चिप) असेल तर ८ नंबरच्या पिनवर +१२ आणि ४ नंबरवर −१२ दिसायला हवं. टीएल०७४ मध्ये मात्र +१२ येतं ४ नंबरवर आणि −१२ येतं ११ वर, म्हणजे दोन्हीत ४ नंबरचा अर्थ एकदम उलटा आहे, आणि एकाचं बघून दुसऱ्याचं काढलं की चिप गेलीच म्हणून समज.

माझ्या पहिल्या पॉवर बोर्डवर मी ७९१२ ला (−१२ व्होल्टचा रेग्युलेटर) ७८१२ चंच (+१२ वाला) फूटप्रिंट, म्हणजे पायांच्या भोकांची मांडणी, देऊन बसलो होतो. ७८१२ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट, आणि ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट, आणि मी न मोजताच पुढचा बोर्ड जोडला, दोन टीएल०७४ तिथेच गेले. त्यात ७९१२ ची मागची धातूची पट्टी ग्राउंडला नसते, इनपुटला असते, म्हणून दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर अभ्रकाचा तुकडा न घालता बसवले तरी शॉर्ट होतो. तेव्हापासून मी एक करतो. ऑर्डर द्यायच्या आधी बोर्डची प्रिंट एकास एक मापात कागदावर काढायची, तो कागद थर्माकोलवर ठेवायचा आणि जॅक, पॉट (फिरवायचा रेझिस्टर), ट्रान्झिस्टर, सगळे खरे पार्ट हाताने त्यात टोचून बघायचे. पॉटचे पाय आरशासारखे उलटे आलेत, दोन जॅक इतके जवळ आलेत की दोन पिना शेजारी बसणार नाहीत, हे स्क्रीनवर कळत नाही, थर्माकोलवर दोन मिनिटांत कळतं. कारखाने बहुतेक कमीत कमी पाच बोर्ड देतात, म्हणजे चूक झाली की ती पाच वेळा होते, तेव्हा या कामाला एक संध्याकाळ दे.

प्रश्न : मी भजनी मंडळात हार्मोनियमची साथ करतो. मुलाच्या मदतीने दोन ट्रान्झिस्टरवाल्या कन्व्हर्टरचा ऑसिलेटर बनवला, आवाज फार छान आहे. पण तानपुऱ्याला लावून घेतला की अर्ध्या तासात सूर हलतो, आणि खालच्या सप्तकात जुळवलं तर वरच्या सप्तकात जुळत नाही. दुसरं म्हणजे, हार्मोनियमवर जी मींड येत नाही ती यावर काढता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काका, पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण सूर हलतोय हे ज्याला पहिल्या अर्ध्या तासात कानाने कळतं त्याच्याच हातून हे वाद्य नीट होणार.

आता कारण सांगतो. ॲनालॉग सिंथमध्ये बहुतेक ठिकाणी एक व्होल्टला एक सप्तक असा हिशोब असतो. एक व्होल्ट वाढवला की फ्रीक्वेन्सी दुप्पट, म्हणजे ११० ची २२०, आणखी एक वाढवला की ४४०. व्होल्टेज सरळ पायरीने चढतं आणि फ्रीक्वेन्सी दुपटीने, आणि हे दुपटीचं काम तुमचे ते दोन ट्रान्झिस्टर करतात. ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट होतो, पण हा १८ चा आकडा खोलीच्या तापमानाचा आहे, तो दर डिग्रीला साधारण ०.३३ टक्के बदलतो. कोकणात दुपारी डबा बंद केला आणि आतली हवा नुसती पाच डिग्रीने तापली तरी दोन सप्तकांच्या अंतरात साधारण ४० सेंटचा फरक पडतो (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), म्हणजे जवळजवळ अर्धा सेमीटोन! वरचं सप्तक जुळत नाही ते मुख्यतः यामुळेच, आणि खालचा सूर हलतो त्यात भर पडते ती दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळे तापत असल्याची. खात्री करायची असेल तर चालू ऑसिलेटरच्या एकाच ट्रान्झिस्टरवर बोट टेकवून ठेवा, सूर सरकताना स्पष्ट ऐकू येईल.

उपाय असे. दोन्ही ट्रान्झिस्टर जुळे हवेत, म्हणजे एकाच पाकिटातले वीसेक घ्या, मीटर डायोडवर ठेवून बेस-एमिटरचं व्होल्टेज बघा आणि ज्यांच्यात एक-दोन मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नाही अशी जोडी निवडा. पण हाताने धरून मोजू नका, बोटाच्या उबेने दर डिग्रीला दोन मिलिव्होल्ट सरकतात, ब्रेडबोर्डमध्ये टोचून पाच मिनिटं थांबा मग वाचा, मी तर मोजताना पंखासुद्धा बंद करतो. जोडी मिळाली की चपट्या बाजू एकमेकांना लावून मधे थर्मल पेस्टचा थेंब घाला आणि वरून हीटश्रिंकची नळी चढवा, म्हणजे दोघं एकत्र तापतील. त्यांना चिकटूनच १ के चा टेम्पको (तापमानाने बदलणारा) रेझिस्टर, दर डिग्रीला ३३०० पीपीएमवाला, म्हणजे तेच ०.३३ टक्के, बसवा, तो तापमानाबरोबर वाढतो आणि वरची चूक बरीचशी खोडून काढतो. आणि ऑसिलेटरचा जो मुख्य कपॅसिटर आहे तो साधा सिरॅमिक असेल तर बदलाच, तिथे पॉलिस्टायरीन नाहीतर सी०जी प्रकारचा (तापमानाने जवळजवळ न बदलणारा सिरॅमिक) हवा. शेवटचं म्हणजे रेग्युलेटर, ते गरम होतात, त्यांना ऑसिलेटरच्या बोर्डपासून लांब आणि शक्यतो वर ठेवा.

सूर लावायची पद्धत पण सांगतो. अर्धा तास तापू द्या, झाकण लावलेलं हवं. शून्य व्होल्टला ११० हर्ट्झ लावा, एक व्होल्ट द्या, २२० ऐवजी २१८ आलं तर स्केलचा मल्टिटर्न ट्रिमर (स्क्रूने बारीक फिरणारा छोटा पॉट) थोडा फिरवा, पण त्याने खालचा सूर पण हलू शकतो, म्हणून परत खाली येऊन ११० लावा, परत वर जा. चार-पाच फेऱ्या लागतात. तंबोरा लावताना जोडीच्या तारा, खर्ज, परत जोडी असं जे करता तेच हे आहे, तुम्हाला वेगळं शिकवायला नको.

आता गंमत पुढे आहे आणि ती हार्मोनियमवाल्यांसाठीच आहे. हार्मोनियमचा शुद्ध गांधार समान अंतराचा असेल तर षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तानपुऱ्यातून जो गांधार ऐकू येतो तो साधारण ३८६ वर. हे अंतर व्होल्टमध्ये बघा, ३३३ मिलिव्होल्ट ऐवजी ३२२. एमसीपी४८२२ नावाची १२ बिटची डॅक, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारी, चिप आहे, तिचा गेन दुप्पट ठेवला की ती ४.०९६ व्होल्टपर्यंत बरोबर एकेक मिलिव्होल्टच्या पायरीने जाते, आणि एक मिलिव्होल्ट म्हणजे १.२ सेंट. म्हणजे मुलाला प्रोग्राममध्ये गांधारापुढे ३३३ च्या जागी ३२२ लिहायला सांगा, तानपुऱ्याशी मिळणारा गांधार तुमच्या बोटाखाली येईल. पंचमाला ५८३ ऐवजी ५८५. कोमल स्वर कानाने लावा, रागाप्रमाणे वेगळा तक्ता ठेवता येतो.

आणि मींड, हो, येते. कीबोर्डकडून येणारं व्होल्टेज सरळ ऑसिलेटरला न देता मधे १ मेगचा पॉट आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घाला, मागे एक ऑपॅम्प बफर. पॉट पूर्ण उघडला की एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला काही दशांश सेकंद लागतात आणि सूर घसरत जातो. सतारीच्या मींडीसारखा तो मधेच थांबत नाही, वळत नाही, हे मान्यच, पण एक खटका असा ठेवा की घसरण फक्त हव्या त्याच स्वरांना लागेल. रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस सिंथमध्ये तेच असतं, कुठल्या स्वराला घसरण द्यायची ते स्वरागणिक ठरवता येतं. चरणजित सिंग यांनी मुंबईत १९८२ साली त्याच टीबी-३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथवर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, मिळवून ऐका. या यंत्रातून राग काढायचा विचार आपल्या इथे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता, हे ऐकून माझा हुरूप फार वाढला होता.

प्रश्न : व्हीसीएसाठी सीए३०८० आणि ऑसिलेटरसाठी ३३४० या चिप शोधतोय. बाजारात ३०८० मिळतात पण काही चालतात, काही नाही. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ३०८० बनणं केव्हाच बंद झालंय, जे स्वस्तात मिळतात त्यात पुसून परत छापलेले बरेच असतात. एलएम१३७०० घ्या, त्यात तसले दोन भाग आहेत, पिना वेगळ्या म्हणून बोर्ड बदलावा लागेल. ३३४० साठी लॅटव्हियात बनणारी एएस३३४० आहे, आत तापमानाची भरपाई असते, वरचा जुळ्या ट्रान्झिस्टरचा सगळा खटाटोप वाचतो. महाग वाटते पण पहिल्याच बोर्डला मी तीच लावायला सांगेन.

प्रश्न : माझा मुलगा बारावी झाल्यापासून दिवसभर सोल्डरिंग करत बसतो. घरात धूर, वास, आणि आता म्हणतो २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मर लावायचाय. मला भीती वाटते. करू द्यावं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, करू द्या, पण दोन-तीन गोष्टी तुम्ही ठरवून द्या. धूर आहे तो मुख्यतः फ्लक्सचा, शिशाचा नाही, पण छातीला चांगला नसतो, म्हणून खिडकीशी बसायचं आणि छोटा पंखा असा ठेवायचा की धूर चेहऱ्यापासून बाहेर ओढला जाईल. शिसं हाताला लागून पोटात जातं, म्हणून त्या टेबलावर चहा-बिस्किट नाही आणि उठल्यावर साबणाने हात. पाय कापताना तुकडे उडतात, चष्मा हवाच.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घ्यायला सांगा, १२-०-१२ नको, कारण संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत पडलं तर १२ वाल्याकडून रेग्युलेटरला पुरेसं मिळत नाही आणि सिंथ भुणभुणायला लागतो. २३० ची बाजू मात्र ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, वेगळा बंद डबा, फ्यूज, तीन पिनची वायर, डबा लोखंडी असेल तर अर्थिंग त्याला स्क्रूने घट्ट. पहिल्यांदा चालू करताना वायरमनकडची सिरीज लाइन (बल्बमधून सप्लाय देणारी वायर) लावा, त्यात जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब हवा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला किंवा विझला तर सगळं ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करून प्लग काढायचा आणि मगच डबा उघडायचा.