भिंतीला भोकं पाडायला कोणतं ड्रिल मशीन घ्यावं?

भिंती विटांच्या असतील आणि शेल्फ, पडद्याचे रॉड एवढंच लावायचं असेल, तर १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, धरणारा जबडा), ५५० ते ७०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं; काँक्रीटमध्ये भोकं पाडायची असतील तर सरळ एसडीएस-प्लस (बिट खाचेत अडकवायची पद्धत) रोटरी हॅमर घ्या. मी फिटिंगची कामं करतो, म्हणून सांगतो: नुसते वॅट बघू नका, ठोका कसा बसतो ते बघा. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक, भराभर ठोके देतात आणि त्यासाठी जोर तुम्हालाच लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून ठोका मारतो. ठोके कमी, पण दणदणीत. ठोक्याची ताकद जूलमध्ये मोजतात; घरकामाला २ जूलचा ठोका भरपूर झाला.

भिंत कशाची आहे कळत नसेल तर आधी ५ मिमीचं एक भोक पाडून बघा. सुरुवातीची भुकटी प्लास्टरची असते, ती सोडून द्या. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट. राखाडी भुकटी येतेय आणि बिट जागचं हलत नाही, तर बहुधा काँक्रीट. बिट मात्र कार्बाइड टोकाचंच हवं. लोखंडाला भोकं पाडायचं साधं बिट भिंतीत तापून लगेच बोथट होतं.

एक अपवाद: टाइल किंवा पोकळ ब्लॉक असेल तर मशीनचे ठोके (हॅमर मोड) बंद ठेवून बिट नुसतं फिरवा, नाहीतर टाइल तडकते, ब्लॉक आतून फुटतो आणि प्लग (स्क्रू धरणारी गुल्ली) धरत नाही.