कवी-चित्रकार, चित्रकवी आणि ‘चित्रकाव्य’

प्रश्न असा आहे : ‘विल्यम ब्लेक अर्काइव्ह’ या ऑनलाइन संग्रहात ब्लेक या इंग्रज कलावंताची, कविता आणि चित्र एकत्र असलेली पाने पाहिली आणि त्याच्याविषयी मराठीत लिहायला घेतले, पण जो कवीही आहे आणि चित्रकारही, त्याला ‘चित्रकवी’ म्हणावे की ‘कवी-चित्रकार’? आणि त्याच्या पानांना ‘चित्रकाव्य’ म्हटले तर चालेल का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण चूक होण्याचा संभव तिथे अधिक आहे. ‘चित्रकाव्य’ हा शब्द मोकळा नाही. संस्कृत काव्यशास्त्रात त्याचा अर्थ फार पूर्वीच ठरून गेला आहे. ज्या काव्यात व्यंग्यार्थाला, म्हणजे सूचित होणाऱ्या अर्थाला, महत्त्व नसून केवळ शब्दांची किंवा अर्थाची करामत आहे, त्याला मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘चित्र’ म्हटले आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. आनंदवर्धन तर त्याला मुख्य काव्य मानायलाच तयार नाही. ते त्याच्या लेखी काव्याचे अनुकरण आहे. कमळाच्या किंवा खड्गाच्या आकारात अक्षरे बसवणारे पद्मबंध, खड्गबंध यांसारखे चित्रबंधही याच सदरात मोडतात. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा 15वा आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा 19वा सर्ग अशा रचनांसाठी प्रसिद्ध आहेत. तेव्हा ब्लेकच्या पानांना ‘चित्रकाव्य’ म्हटले, तर जाणत्या वाचकाला ती शब्दांची कसरत वाटेल, आणि ब्लेकच्या बाबतीत हे अगदीच अन्यायाचे होईल.

मग ‘सचित्र कविता’ का म्हणू नये? या शब्दातून असे सूचित होते, की कविता आधी तयार झाली आणि चित्रे मागाहून तिच्या सोबतीला आली. ब्लेकची रीत निराळी होती. आम्लाला दाद न देणाऱ्या द्रावाने तो तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी लिहीत असे आणि त्याच पत्र्यावर चित्रही काढत असे. मग उरलेला भाग आम्लाने खाल्ला जाई, उठून राहिलेल्या भागाला शाई लावून छाप घेतला जाई, आणि ब्लेक किंवा त्याची पत्नी कॅथरीन त्यात जलरंग भरत असे. ‘द टायगर’ या कवितेचे पान मोठे करून पाहावे : उजव्या कडेला झाडाचा बुंधा आहे, त्याच्या फांद्या कडव्यांच्या मधल्या जागेत शिरल्या आहेत, आणि खाली वाघ आहे, तोही शब्दांनी उभा केलेल्या धगधगत्या श्वापदाच्या मानाने फारच सौम्य. कविता आणि चित्र यांच्यातला हा ताण छापील पाठ्यपुस्तकात दिसतच नाही. अशा पानाला मी ‘चित्रासह कोरलेली कविता’ म्हणेन. शब्द वाढतात, पण अर्थ ढळत नाही. ‘चित्रलिखित’ हा सुंदर शब्द मनात येईल, पण ‘चित्रलिखितासारखा उभा राहिला’ या प्रयोगाने तो स्तब्धतेला देऊन टाकला आहे.

आता व्यक्तीविषयी. ‘चित्रकवी’मध्ये कवी मुख्य आणि चित्र हे त्याचे विशेषण होते, शिवाय चित्रकाव्य रचणारा तो चित्रकवी, असाही अर्थ निघतो. म्हणून ‘कवी-चित्रकार’ हाच शब्द वापरावा. मधली रेघ गाळू नये. जोडून लिहायचे असेल, तर ‘कविसंमेलन’, ‘कविवर्य’ यांप्रमाणे ‘कविचित्रकार’ असे ऱ्हस्व वि लिहावे लागेल. अनेकवचनात मात्र जपावे : ‘कवी-चित्रकारांचा मेळावा’ म्हटल्यावर तो दोन्ही कला जाणणाऱ्यांचा की कवींचा आणि चित्रकारांचा, हे कळत नाही. दिलीप चित्रे यांना ‘कवी-चित्रकार’ म्हणणे नेमके ठरते. अरुण कोलटकर यांच्या बाबतीत ‘कवी आणि ग्राफिक डिझायनर’ असे सुटे लिहिलेलेच बरे.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो. 1996 पासून उभ्या राहिलेल्या या संग्रहात एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या ‘कॉपी’ शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. 1794 मध्ये एकत्र आलेल्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्स्पीरियन्स’च्या कॉपींत रंग बदलतात, कवितांचा क्रमही बदलतो. या ‘कॉपी’साठी ‘नक्कल’ हा शब्द मुळीच नको. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांबद्दल बोलताना आपण ज्या अर्थाने ‘प्रत’ म्हणतो, त्याच अर्थाने इथेही ‘प्रत’ म्हणावे, कारण ब्लेकच्या हातून निघालेली प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे वाचावी लागते.