यादीत नाव नाही, म्हणजे मी कमी पडले?

शिष्यवृत्तीच्या याद्या लागल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं: "नाव नाही आलं, म्हणजे मीच कमी पडले." म्हणून सायलीची (नाव बदललंय) गोष्ट सांगते.

बारावी विज्ञानला ८४ टक्के. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन गुणवत्ता शिष्यवृत्तीत नाव नाही आणि वाणिज्यच्या मैत्रिणीचं मात्र ७९ टक्क्यांवर आलं. तेव्हापासून पोरीने कॉलेजला जाणंच सोडलं. गुणपत्रिकेची झेरॉक्स चार घड्या घालून मोबाइलच्या कव्हरात ठेवलेली. घड्यांवर अक्षरं पुसट झाली होती.

तीन भेटींत ती "मी मठ्ठच" यापुढे सरकेना. नुसता धीर देऊन भागत नाही. माणूस घटनेने खचत नाही, तिचा जो अर्थ लावतो त्याने खचतो, यावर माझं सगळं काम उभं आहे. म्हणून चौथ्या भेटीत योजनाच उलगडायला घेतली.

"यादी कशी लागते?"

"टक्क्यांवर."

"कोणाच्या टक्क्यांशी तुलना करून?"

ती गप्प. मग कागदावर मांडलं. पैसा शिक्षण मंत्रालयाचा, देशभरात वर्षाला नव्या जागा ८२,०००. त्या राज्यांना वाटायच्या, मग बोर्डांना. विज्ञान, वाणिज्य, कला यांचं प्रमाण ३:२:१. निम्म्या मुलींना. आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे शंभरातल्या ८० जणांच्या पुढे; ८० टक्के गुण नव्हे) असणाऱ्यांनी आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांनीच अर्ज करायचा.

३:२:१ वर तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे मैत्रिणीची रांगच वेगळी होती?"

"हो."

"मग माझ्यापुढे किती जण होते एवढंच कळलं, मॅडम. मी किती पाण्यात आहे, ते नाही."

हे वाक्य मी माझ्या वहीत टिपून ठेवलंय. मला जे तीन भेटींत सांगता आलं नव्हतं, ते तिने स्वतः शोधलं. मेरिट हा मुलांना स्वतःवरचा शेरा वाटतो. असतो तो ठरलेला पैसा वाटण्याचा नियम.

पालकहो, "तुझं का नाही आलं?" असं विचारण्याआधी नियम मुलांबरोबर बसून वाचा. राज्याच्या योजना महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेगळ्या आहेत, त्याही बघा. आणि ज्यांचं नाव आलंय त्यांनी ५० टक्के गुण, ७५ टक्के हजेरी सांभाळा. नूतनीकरण त्यावरच होतं.

पुढच्या आठवड्यात सायलीचे वडील एकटेच आले. तोच कागद हातात.

"मॅडम, मग ८४ म्हणजे चांगलेच की हो?"