कोरडवाहू शाळू पिवळा पडतो, टारफुलाही येतो. खत वाढवू की तणनाशक मारू?

तुम्ही लिहिलंय की मोहोळ भागात तीन एकर कोरडवाहू शाळू (रब्बी ज्वारी) आहे, पानं पिवळी पडतात, पोटरीत येताना (कणीस बाहेर पडायच्या आधी) टारफुला हे परजीवी तण दिसतं आणि एकरी चार क्विंटलच्या वर उतारा जात नाही. आमचं रान मंगळवेढ्याच्या काळ्या पट्ट्यात, हे सगळं भोगून झालंय. खताच्या दुकानात जाण्याआधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा.

खालची जुनी पानं शेंड्याकडून मधल्या शिरेवर पिवळी होत येत असतील तर नत्र कमी पडतंय. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. तिथे युरिया कितीही टाका, काही फरक नाही. हिराकस (फेरस सल्फेट) 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम घेऊन आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा.

मध्यम कोरडवाहू जमिनीला शिफारस हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद अशी आहे. एकराला सतरा-अठरा किलो डीएपी आणि अठ्ठावीस किलो युरिया झाला. हे सगळं पेरतानाच, दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं पेरणाऱ्या), ओलीत गेलं पाहिजे. एका वर्षी डिसेंबरात चार थेंब पडले म्हणून मी युरिया फोकला. वरची दोन बोटं माती भिजलेली, मुळं हातभर खाली. अख्खं पोतं वाया गेलं. शेजारी अजून विचारतात, "यंदा कधी फोकायचा?"

टारफुल्यावर पेरणीवेळच्या तणनाशकाची भिस्त ठेवू नका. तो ज्वारीच्या मुळावरच जगतो आणि जमिनीवर दिसतो तेव्हा निम्मं नुकसान करून झालेलं असतं. एका झाडाला हजारो बी धरतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून फुलायच्या आत उपटा, आणि त्या तुकड्यात पुढच्या रब्बीला हरभरा किंवा करडई घ्या. त्यांच्यावर तो जगत नाही. हलक्या, नत्र कमी असलेल्या रानात त्याचा जोर जास्त असतो, तेव्हा वर सांगितलेला खताचा हिशोब इथेही लागू.

बाकी तणाला कोळपं. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासाचं, आठव्यात दातेरी. तिसऱ्या पाळीला रानात तण फारसं नसतं, म्हणून लोक ती टाळतात. पण भेगा बुजतात त्याच पाळीने, आणि दाणा भरताना लागणारी ओल भेगांतूनच उडून जाते. माझ्या मते उतारा तिथेच जातो.

दुसरी गळती दाटीची. कडबा बारीक निघावा, जनावरांनी आवडीने खावा म्हणून आपण दाट पेरतो आणि विरळणी करत नाही. 45 सेंटिमीटरच्या काकरीत दोन ताटांत 15 सेंटिमीटर तरी अंतर हवं. दावणीला जनावरं जास्त असतील तर दाट ठेवा, माझी हरकत नाही. मग दाण्याची तक्रार मात्र करू नका.

रान किती खोल आहे ते लिहिलं नाहीत. मुरूम फूटभरावरच लागत असेल तर मालदांडी या जुन्या वाणाचा हट्ट सोडून फुले अनुराधा किंवा फुले माउली पेरा.