किल्ल्या वहिनींकडे द्या

पत्र : "ताई, मी बेळगावातल्या वडगावचा, बँकेतून रिटायर झालोय. घरात तीन कपाटं भरून मराठी पुस्तकं आहेत. आमचा वाचणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सध्या काय वाचताय ते सगळे टाकतात, माझ्या कपाटांच्या फोटोचं तिथं फार कौतुक झालं. आता घराचं काम काढलंय तर बायको म्हणते पुस्तकं देऊन टाकूया. सीमाभागात मराठी टिकवायची तर पुस्तकं जपायला नकोत का? तिचं काय, ती वाचनालयातून आणते, वाचते, परत देते, तिला साठवण्यातलं काही कळत नाही. तिला पुस्तकांची किंमत कशी पटवू?"

भाऊ, सरळ सांगते, तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचून मला राग आला. आणते, वाचते, परत देते. अहो, मग वाचणारं माणूस आणखी कसं असतं? ग्रुपवरच्या लोकांची वाचनं तुम्हाला पाठ आणि घरात वहिनींच्या हातात आज कुठलं पुस्तक आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, असतं तर लिहिलं असतंत. तुम्ही स्वतः काय वाचताय तेही लिहिलं नाही, कपाटं तेवढी मोजलीत.

मराठीच्या काळजीचं म्हणाल तर ती मलाही आहे, 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं तेव्हापासून आपल्या घराघरात ती आहे, मी ती हलकी धरत नाही. पण बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं, राज्यांच्या सीमा आखायच्या शंभर वर्षं आधीचं, आणि ते पुस्तकं लोकांनी घरी नेऊन वाचली म्हणून चाललं. येळ्ळूर, कडोली, उचगावला साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, म्हातारीकोतारी येऊन मांडवात बसतात. त्याच गावांत अशी पोरं आहेत की शाळा कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमची आणि मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. त्यांच्या हाताला पुस्तक लागायला हवं. वडगावातल्या बंद कपाटात ते त्यांना कुठून मिळणार? आणि आपल्याकडचा पाऊस माहीत आहे की तुम्हाला, भिंतीला ओल येते, बंद कपाटात बुरशी धरते, कसर लागते, वाळवी शिरली तर बाहेरून पुठ्ठा धड आणि आत सगळी माती.

तर आता एकच करा. या रविवारी कपाटांच्या किल्ल्या वहिनींच्या हातात द्या आणि काय ठेवायचं, काय द्यायचं ते त्यांना ठरवू दे. त्या एखादं पुस्तक बाजूला काढतील तेव्हा का काढलं ते विचारा आणि नीट ऐकून घ्या, मध्ये पटवायला जाऊ नका. वडिलांच्या नावाचं, कुणी लिहून दिलेलं असेल तेवढं तुम्ही मागून घ्या, त्याला त्या नाही म्हणायच्या नाहीत.

उतरवणं, झटकणं, सावलीत वाळवणं हे काम तुमचं. वाळवी लागलेलं वेगळं काढा आणि ते कुणालाही देऊ नका, दुसऱ्यांच्या चांगल्या पुस्तकांना लागेल. बाकीच्यांची नाव-लेखक अशी यादी करून आधी वाचनालयात, गावच्या शाळेत दाखवा, त्यांच्याकडे जे आधीच आहे ते ते पुन्हा घेत नाहीत, जागा त्यांनाही कमीच असते. हो म्हणाले की मग रिक्षा बोलवा. न विचारता खोकी दारात टाकून येऊ नका, आणि हे सगळं गवंडी यायच्या आत उरका.